दुधात उतरणारी दवाई

आमच्याकडे बाळंतिणीला स्वतःचं पोट नसतं. ती जे खाईल ते सरळ लेकराच्या पोटात उतरतं, असा अख्ख्या गावाचा पक्का समज. मी ताक प्यायले की पोरीला सर्दी. मी वांगं खाल्लं की पोरीच्या अंगावर पुरळ. थंड पाण्यात हात बुडवला माझा, तरी शिंक पोरीलाच यायची. मी आपली मधली नळी. इकडून टाकायचं, तिकडून लेकराने प्यायचं. नळीला काय हवं, काय नको, हे कोण विचारतो!

ही गोष्ट सौंसरची, माझ्या माहेरची. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं असतील. मी तेव्हा पांढुर्ण्याच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होते आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. थंडी कडाक्याची. बाजेखाली सकाळ-संध्याकाळ शेगडी, कानाला फडकं, पायात मोजे, आणि समोर अंगणात संत्र्यांचा ढीग. सासरी पांढुर्ण्याला संत्र्याचा बगीचा, त्यामुळे तिकडून येणारा प्रत्येक माणूस बसच्या टपावर पोतं टाकूनच यायचा. संत्री सगळ्यांसाठी होती, फक्त मला सोडून. संत्रं थंड असतं म्हणे. पोरीचा बाप बगीचेवाला, आणि पोरीची आई महिनाभर दुसऱ्यांनी सोललेल्या संत्र्यांचा वास घेत पडलेली. असा राग यायचा मला, काय सांगू!

माय माझी गरीब स्वभावाची. तिच्या तोंडी एकच शब्द, "हव", म्हणजे हो. कोणी काही म्हणो, माय म्हणणार "हव". खरा कारभार माझ्या सासूबाईंच्या हाती. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. विहिणीच्या घरात मुक्काम ठोकून बसलेली सासू मी तरी दुसरी पाहिली नाही. लोकांच्या सासवा बारशाला येतात, जेवतात, मानपानावरून रुसतात आणि बस धरून परत जातात. आमच्या आत्याबाई बारशाला आल्या त्या वळकटी घेऊनच. त्यांचं माहेर पांढुर्ण्यासमोरचं सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमारीचे दगड चालतात, त्यातल्या पलीकडच्या काठाच्या त्या. शब्द फेकला की समोरच्याला लागलाच पाहिजे, नाहीतर त्यांना जेवण गोड लागत नसे.

पोर पंधरा दिवसांची झाली आणि तिचं नाक चोंदलं. थंडीत लेकरांची नाकं चोंदायचीच. पण घरात धावपळ उडाली आणि गल्लीतल्या डॉक्टरला बोलावणं गेलं. डॉक्टर म्हणजे काय, तर नागपूरला कोण्या दवाखान्यात त्याने चार-पाच वर्षं औषधाच्या बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, एक खूण म्हणजे एक डोस. पट्ट्या चिकटवता चिकटवता त्याला सगळी वैद्यकी आली आणि गावात परतला तो नळी गळ्यात घालूनच. आम्ही पाठीमागे त्याला कंपाउंडर म्हणायचो, समोर डॉक्टरसाहेब.

डॉक्टरसाहेबांनी पोरीच्या छातीला नळी लावली, डोळे मिटले, मान हलवली. मग म्हणाले, "एवढ्याशा लेकराले कॅप्सूल कशी देता? मायले द्या. दुधातून बराबर उतरते."

आणि पिशवीतून निघाली लाल-पिवळी कॅप्सूल. त्या काळात ती कॅप्सूल सगळ्यांच्या घरी. ताप आला, खा. फोड आला, खा. जुलाब लागले, खा. एका माणसाच्या उरलेल्या दुसऱ्याला, दुसऱ्याच्या उरलेल्या शेजारणीला. मी शिकलेली, चौथीच्या पोरांना शरीरविज्ञान शिकवणारी. मीही मुकाट्याने घेतली. सर्दी पोरीला आणि दिवसातून चार कॅप्सुला मला, असे चार दिवस. सर्दीच ती, जायची तेव्हा गेली. पण श्रेय कंपाउंडरला. आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगायच्या, "मायनं दवाई खाल्ली आन् लेकरू बरं झालं! पाह्य बाप्पा, कसं हाये!"

मग आली माझी पाळी.

पोर तीन आठवड्यांची असताना माझ्या डाव्या बाजूला दुधाची गाठ धरली. आधी नुसतं जड वाटलं. दुसऱ्या दिवशी लाल झालं, हात लावू देईना, आणि हुडहुडी भरून ताप चढला. मायने गरम फडक्याने शेकलं. आत्याबाईंनी हळदीचा लेप लावला, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. ताप काही हलेना. शेवटी मायने, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, कोणाला न विचारता रिक्षा बोलावली आणि मला दवाखान्यात नेलं.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, लांब कुठून तरी बदली होऊन आलेल्या, शुद्ध हिंदीवाल्या. आमची बोली त्यांना अर्धी कळायची. त्यांनी तपासलं आणि कागदावर लिहिता लिहिता सांगितलं, "गाँठ है, अभी पकी नहीं है। यह कैप्सूल दिन में चार बार, पूरे सात दिन। बीच में छोड़ना मत। और बच्ची को दूध पिलाती रहो, दोनों तरफ से। जितना खाली होगा, उतनी जल्दी आराम।"

मी विचारलं, "दवा दूध में नहीं उतरेगी?"

"थोड़ी-सी उतरेगी। यह पेनिसिलिन की जात की है, दूध पिलाने वाली को चलती है। इसीलिए तो यह दी।"

एवढं सरळ होतं सगळं. सात दिवस कॅप्सुला खायच्या आणि पोरीला पाजत राहायचं. पण आम्ही कधी सरळ केलंय काही?

घरी येऊन मी पहिली कॅप्सूल पाण्यासोबत घेतली आणि पोरीला पदराखाली घेतलं. आत्याबाई उंबऱ्यातून ओरडल्या, "अवं, थांब! दवाई खाऊन पाजून राहिली का? लेकरू मारतं काय?"

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं, पाजलं तं चालते."

"तिचं काय जाते सांगाले? दवाई दुधात उतरते. एवढंसं लेकरू थे!"

मला वाटलं, आता मी जिंकले. मी म्हटलं, "आन् थे लाल-पिवळी खाल्ली होती तवा? थे बी दुधातच उतरली ना? तवा तं तुमीच गावभर सांगत होत्या!"

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच चौथीतली पोरगी. "तवा लेकरू बिमार होतं. दवाई त्याची होती, थे तुह्या तोंडातून गेली. आता तू बिमार हायेस. तुही दवाई त्याले कायले?"

मी गणित शिकवायचे, तरी हे त्रैराशिक मला नवं होतं. दवाईला पत्ता असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. लेकराच्या नावाची असेल तर औषध, आईच्या नावाची असेल तर विष.

कंपाउंडरला पुन्हा बोलावलं. तो आला, डॉक्टरीणबाईंच्या कॅप्सुला उजेडात धरून पाहिल्या, वास घेतला आणि निकाल दिला, "सरकारी दवाई भल्ली गरम राहते. आत्याबाई म्हणतात थे बराबर." मायने "हव" म्हटलं. बाबा वर्तमानपत्रामागे होते, तिथूनच खाकरले. रविवारी पांढुर्ण्याहून नवरा आला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ओसरीवर बसून चार संत्री खाल्ली आणि म्हणाला, "आई म्हणते तं कायतरी असंनच ना." आणि संध्याकाळच्या बसने गेलाही. अशा माणसाशी मी संसार केला!

तर पोरीचं दूध तुटलं. शेजारच्या बकरीचं दूध यायचं, त्यात अर्धं पाणी, आणि ते बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या त्या छोट्या वाटीने, पोरीच्या घशात सोडायचं. माझं दूध पिळून वाटीत काढायचं आणि अंगणातल्या डाळिंबाच्या बुडाशी ओतायचं. त्याचेही नियम. ते पायाखाली येऊ नये, चुलीत सांडू नये, त्याला मुंगी लागू नये. दुधाला एवढा मान, आणि जिच्यासाठी ते येत होतं ती आत टाहो फोडून राहिली होती. पिळताना माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. अर्धं निघायचं, अर्धं तसंच राहायचं. गाठ आणखी घट्ट होत गेली.

दुसऱ्या दिवशी पोरीला जुलाब लागले. हिरवे, पाण्यासारखे. तिसऱ्या दिवशी तिचं रडणं बारीक झालं. आधी ती अशी रडायची की रस्त्यावरची माणसं आत डोकावायची. आता ती नुसती कुंईकुंई करायची आणि माझ्याकडे तोंड वळवून ओठ हलवायची. टाळू खोल गेलेली मला बोटाला लागत होती. माझी पोर माझ्यासमोर वाळत होती, मी दुधाने भिजलेलं लुगडं नेसून बसले होते, आणि मला तिला पाजायची परवानगी नव्हती.

आता माझ्या शहाणपणाचं ऐका. दुसऱ्यांना हसून झालं, आता मला हसा. मी विचार केला, दवाईमुळे दूध बंद आहे ना? मग दवाईच बंद करू. म्हणजे दूध शुद्ध! डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दवाई सोडू नको आणि दूध तोडू नको. त्यातली दवाई मी आत्याबाईंच्या भीतीने सोडली आणि दूध डॉक्टरीणबाईंच्या भरवशावर पाजायचं ठरवलं. माय कॅप्सूल हातावर ठेवायची, मी ती जिभेखाली धरायची, वर पाणी प्यायची, आणि माय वळली की शेगडीच्या राखेत थुंकायची. मास्तरीणबाई! पोरांना रोज सांगायची, नीट ऐका, पूर्ण ऐका.

दुपारी जेवणं झाली की आत्याबाई अंगणात उन्हाला पडायच्या. तेवढ्यात मी पोरीला उचलून उजवीकडे लावायची. तिलाही जोर उरला नव्हता. चार घोट घ्यायची, दमायची, पुन्हा धरायची. दोन दुपारी जमलं. तिसऱ्या दुपारी दार लोटलं गेलं आणि समोर आत्याबाई.

मी वाटच पाहत होते की आता दगड येतो. पण त्या ओरडल्या नाहीत. झपकन पुढे आल्या, पोरीला माझ्या अंगावरून ओढून घेतलं आणि तिच्या इवल्याशा तोंडात बोट घालून आतलं दूध पुसून काढायला लागल्या. "किती पाजलं? सांग, किती पाजलं?" तीनदा विचारलं. तोंड पुसून झालं तरी बोट थांबेना. मला वाटलं, रागाने.

मग मीच ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदा, आणि तेही असं की गल्ली गोळा व्हावी. "माही पोरगी हाये थे! भुकेनं मरून राहिली! तुमाले दिसून नाई राहिलं का?"

"तुही हाये म्हणून तं," एवढंच त्या म्हणाल्या आणि पोरीला घेऊन बाहेर गेल्या. मी त्यांना मनातल्या मनात अशा अशा शिव्या दिल्या, की त्या आज कागदावर लिहायची माझी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापाने मला शुद्ध राहीना. गाठ आतून मऊ पडली होती आणि वरची कातडी चकाकत होती. माय रडायला लागली. रिक्षात आम्ही सगळ्याच बसलो, मी, माय, आणि पोरीला छातीशी धरून आत्याबाई.

डॉक्टरीणबाईंनी एक नजर टाकली आणि विचारलं, "कितने कैप्सूल खाए?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. "पहले दो दिन के।"

"और बाकी?"

"थूक दिए। दूध में उतरते हैं करके।"

त्यांनी डोक्याला हात लावला. पू झाला होता, चिरा द्यावाच लागला. ते दुखणं मी सांगत नाही, ज्यांनी सोसलं त्यांना माहीत आहे. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी आत्याबाईंच्या हातातच पोरीला तपासलं, टाळू चाचपली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. रागाने त्यांचं तोंड लाल झालं. म्हणाल्या, "पहले कोई दवा ली थी?" मायने पिशवी उलटीपालटी करून लाल-पिवळ्या कॅप्सुलांची उरलेली पट्टी काढून दिली. आमच्याकडे उरलेलं औषध कोणी फेकतं का!

बाईंनी पट्टी पाहिली आणि त्यांचा तोलच गेला. "टेट्रासाइक्लीन! यह किसने दी? पेट में बच्चा हो तब नहीं देते, दूध पिलाने वाली को नहीं देते। बच्चे के दाँतों में, हड्डियों में बैठती है, दाँत पीले पड़ जाते हैं। चार दिन में शायद कुछ न बिगड़े, पर दी किसने? जो नहीं खानी थी वह खा ली, जो खानी थी वह राख में थूक दी। वाह!"

आमच्या घरच्या सगळ्या अकलेचा हिशेब बाईंनी दोन वाक्यांत मांडला. माय खाली मान घालून उभी. तिने "हव" देखील म्हटलं नाही.

"अब बच्ची को पिलाओ, अभी, यहीं," बाई म्हणाल्या. "दाहिनी तरफ से। घाव भरने लगे तो दूसरी तरफ से भी। दवा से कुछ नहीं होगा उसे, तुम्हारे बुखार से भी नहीं। पिलाओगी नहीं तो होगा।" आणि त्या नवीन कागद लिहायला बसल्या.

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. आता त्या हळूच पुढे आल्या. डॉक्टरीणबाईंकडे पाहत होत्या, पण बोलल्या माझ्याशी.

"तिले पूस. मायले ताप असन आन् तिनं लेकराले पाजलं, तं लेकरू मरत नाई?"

बाईंनी मान वर केली. "क्या बोल रही हैं?"

मी सांगितलं.

"नहीं अम्मा, नहीं मरता।" पेन पुन्हा चालू.

आत्याबाई तिथेच उभ्या. पोरीला त्यांनी घट्ट धरलं होतं. मग त्यांनी खाली पाहत सांगितलं, एका दमात, जसं कोणी पाठ केलेलं म्हणतं. "तिले पूस. माहा पयला पोरगा बावीस दिवसाचा होता. मले ताप होता, वैदाचा काढा चालू होता. सासूनं सांगतलं, पाजू नको. थो लय रडे. मी कोठीत नेऊन चोरून पाजलं. दुसऱ्या दिवशी थो गेला. सारे म्हणे, मायनंच दूध पाजून मारलं. पूस तिले. मी मारलं का?"

माझा नवरा घरातला थोरला, एवढंच मला माहीत होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्या घरात कोणी कधी त्या लेकराचा उल्लेख केला नव्हता, आणि बाबांपासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना मनात नावं ठेवणारी मी, मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं की ही बाई विहिणीच्या घरात जमिनीवर वळकटी टाकून का पडून आहे. मी त्यांना दिलेल्या शिव्या मला आठवल्या. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मला ते हिंदीत सांगावं लागलं. "कह रही हैं कि उनका पहला बेटा..." असं सुरू केलं आणि "चोरी से पिलाया" पर्यंत आले, तेव्हा आत्याबाईंच्या हातातल्या पोरीकडे पाहिलं. पुढचा प्रश्न मी कसाबसा विचारला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. उठून आत्याबाईंच्या जवळ आल्या.

"दूध से नहीं गया, अम्मा। वह पहले से बीमार रहा होगा, भूखा रहा होगा। आपने नहीं मारा। उसे जो आखिरी चीज़ अच्छी मिली, वह आपने पिलाई।"

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर आत्याबाईंनी हाताने थांबवलं. आमच्याकडे हिंदी कोणाला कळत नाही? त्यांना सगळं कळलं होतं. फक्त तो प्रश्न त्यांना स्वतःच्या तोंडाने विचारता येत नव्हता.

त्यांनी डोळे पुसले नाहीत. माझ्याजवळ बाकावर बसल्या, पोरीला माझ्या उजव्या मांडीवर ठेवलं, माझा पदर स्वतः बाजूला केला. पोरीने तोंड फिरवलं. त्यांनी तिची हनुवटी दोन बोटांत धरून पुन्हा वळवली. ती पुन्हा फिरली, पुन्हा वळवली. खोलीत माय होती, डॉक्टरीणबाई होत्या, नर्स होती, दाराबाहेर रांगेतल्या बाया माना लांब करून पाहत होत्या. मी संकोचून पदर ओढायला गेले तर आत्याबाईंनी माझा हात धरला.

"झाकू नको," त्या म्हणाल्या. "पाज व माय. साऱ्यायच्या समोर पाज."